ब्ल्वाचा खून, १५८८ : गीझ घराणे, राजा आणि पॅरिस

२३ डिसेंबर १५८८ च्या सकाळी फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याने ब्ल्वाच्या राजवाड्यात, स्वतःच्या शयनगृहात, स्वतःच्याच सेनापतीचा खून करवला. मारला गेलेला गीझचा ड्यूक हेन्री अडतीस वर्षांचा व्हायला तेव्हा आठ दिवस उरले होते. राजा कॅथलिक होता, ड्यूकही कॅथलिक. दोघांनीही प्रोटेस्टंट पंथ फ्रान्समधून उखडून टाकण्याची शपथ पाच महिन्यांपूर्वीच घेतली होती. तरीही राजाला वाटले की राज्य वाचवायचे तर हा माणूस जिवंत राहता कामा नये. आठ महिन्यांत राजाचाही खून झाला आणि ज्याला गादीपासून दूर ठेवण्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तो प्रोटेस्टंट वारस चौथा हेन्री म्हणून राजा झाला.

हे प्रकरण साधारणपणे माजलेला सरदार आणि कोंडीत सापडलेला राजा यांची गोष्ट म्हणून सांगितले जाते. तेवढे सांगून मुख्य गोष्ट निसटते, असे मला वाटते. राजाने ज्याला बंडाचा मालक समजून मारले, तोच त्या बंडाला आवर घालू शकणारा माणूस होता. ही चूक का झाली हे समजायचे तर घराण्याची घडण आणि १५८८ च्या मे ते डिसेंबर या महिन्यांकडे बारकाईने पाहावे लागते.

नावांचा घोळ टाळण्यासाठी एक खुलासा. या प्रकरणात तीन हेन्री आहेत. तिसऱ्या हेन्रीला मी ‘राजा’ म्हणेन, गीझच्या ड्यूकला ‘गीझ’ आणि प्रोटेस्टंट वारसाला ‘नाव्हार’.

तलवार आणि धर्मपीठ

गीझ हे लोरेनच्या राजघराण्याची धाकटी पाती. लोरेन तेव्हा फ्रान्सचा भाग नव्हता. पूर्व सीमेवरची ती स्वतंत्र डची, म्हणजे ड्यूकचे राज्य, पवित्र रोमन साम्राज्यात मोडत होती. तिथल्या ड्यूकचा धाकटा मुलगा क्लोद फ्रान्सच्या पहिल्या फ्रांस्वा राजाच्या चाकरीत आला, मारिन्यानोच्या लढाईत (१५१५) अंगभर जखमा झेलून जगला आणि १५२८ मध्ये गीझचा पहिला ड्यूक झाला. जुन्या फ्रेंच उमरावांच्या डोळ्यांत हे लोक कायम उपरे राहिले. गीझ मात्र स्वतःला परक्या राजकुळातले राजपुत्र म्हणवून इतर उमरावांच्या वरचा मान मागत. लोरेनचे कुळ थेट शार्लमेन सम्राटापर्यंत नेणारा एक वंशावळीचा ग्रंथ १५८० मध्ये छापला गेला, तेव्हा त्याच्या लेखकाला तुरुंगात टाकून राजापुढे माफी मागायला लावण्यात आले. शार्लमेनचा वंश सांगणे म्हणजे सत्तेवर असलेल्या व्हाल्वा घराण्यापेक्षा आपला हक्क जुना आहे असे सुचवणे, हे दरबाराला नीट कळत होते.

या घराण्याने सत्ता कशी बांधली, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक पिढीत एक भाऊ ड्यूक आणि एक भाऊ कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालचा धर्माधिकारी. क्लोदचा भाऊ जाँ, दुसरा ड्यूक फ्रांस्वाचा भाऊ शार्ल, तिसरा ड्यूक हेन्रीचा भाऊ लुई. हे तिन्ही कार्डिनल रँसचे आर्चबिशप झाले, आणि फ्रान्सच्या राजांना अभिषेक होत असे तो रँसच्या कॅथेड्रलमध्ये. १५४७ ते १५६१ या काळातले तीन राज्याभिषेक एकट्या कार्डिनल शार्लच्या हातून झाले. ड्यूककडे फौज, प्रांतांच्या सुभेदाऱ्या आणि त्यांबरोबर येणारी शेकडो नेमणुका करण्याची ताकद; कार्डिनलकडे मठांचे आणि धर्मपीठांचे उत्पन्न. घरातल्या मुलींची लग्नेही त्याच हिशेबाने ठरत. क्लोदची मुलगी मारी स्कॉटलंडची राणी झाली आणि तिची मुलगी मेरी स्टुअर्ट १५५८ मध्ये फ्रान्सच्या युवराजाला दिली गेली.

त्याच वर्षी जानेवारीत फ्रांस्वा द गीझने इंग्रजांच्या ताब्यात दोनशेहून अधिक वर्षे असलेले काले बंदर घेतले. त्याआधी १५५२-५३ च्या हिवाळ्यात त्याने सम्राट पाचव्या चार्ल्सच्या प्रचंड फौजेविरुद्ध मेत्स राखले होते. १५५९ मध्ये मेरीचा पंधरा वर्षांचा नवरा राजा झाला, तेव्हा ड्यूक आणि कार्डिनल या दोन मामांच्या हाती फ्रान्सचा कारभार आला. तो दीड वर्षही टिकला नाही. डिसेंबर १५६० मध्ये हा पोरवयाचा राजा वारला आणि मामा एका रात्रीत बाहेर फेकले गेले. राजाच्या मर्जीवर उभी असलेली सत्ता राजाबरोबर जाते, हा धडा घराण्याने तेव्हा घेतला. यापुढे त्यांना दुसरा आधार हवा होता.

तो त्यांना धर्मात सापडला. १ मार्च १५६२ ला व्हासी गावात एका कोठारात प्रार्थनेला जमलेल्या ह्युगेनोंवर, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांवर, फ्रांस्वाच्या माणसांनी हत्यार चालवले. कित्येक डझन माणसे मेली आणि धर्मयुद्धांना तोंड फुटले. ठरवून केलेली कत्तल होती की चकमक हाताबाहेर गेली, यावर तेव्हाही वाद होता. पॅरिसने मात्र फ्रांस्वाचे विजयी वीरासारखे स्वागत केले. राजाच्या मर्जीशिवायही आपल्यामागे कोणीतरी उभे राहते, हे त्या दिवशी घराण्याला दिसले.

पुढच्या वर्षी ऑर्लेआँच्या वेढ्यात पोल्त्रो द मेरे नावाच्या ह्युगेनोने फ्रांस्वाला मागून गोळी घातली. मुलगा हेन्री तेव्हा बारा वर्षांचा. मारेकऱ्याने छळाखाली ह्युगेनोंचा नेता अॅडमिरल कोलिन्यीचे नाव घेतले, नंतर ते फिरवले. गीझ कुटुंबाला तेवढे पुरे होते. दरबाराने समेट घडवायचा प्रयत्न केला, पण वैर मिटले नाही. नऊ वर्षांनी, २४ ऑगस्ट १५७२ च्या पहाटे, पॅरिसमधल्या ह्युगेनोंच्या कत्तलीची, म्हणजे सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीची, सुरुवात झाली ती कोलिन्यीच्या घरापासून. हेन्री द गीझ स्वतः त्याच्या दाराशी उभा राहिला आणि प्रेत खिडकीतून खाली टाकलेले त्याने पाहिले. त्याच दिवसांत त्याने काही प्रोटेस्टंटांना आपल्या वाड्यात आसरा दिला, अशीही नोंद आहे. ही गोष्ट त्याला निर्दोष ठरवत नाही. पण त्याचे वैर एका माणसाशी होते आणि पॅरिसच्या गल्ल्यांचे वैर एका समाजाशी. हा फरक पुढे सोळा वर्षांनी पुन्हा दिसतो.

वारस

१० जून १५८४ रोजी राजाचा धाकटा भाऊ वारला. राजाला मूल नव्हते. फ्रान्सच्या वारसाहक्काच्या नियमाने पुढचा हक्क बूर्बाँ घराण्यातल्या नाव्हारचा, आणि नाव्हार ह्युगेनो. ज्या राजाला अभिषेकाच्या वेळी पाखंड निपटण्याची शपथ घ्यावी लागते, त्या गादीवर पाखंडी कसा बसणार? हा प्रश्न लाखो सामान्य कॅथलिकांना खरोखर छळत होता, हे विसरून चालणार नाही. सरहद्दीपलीकडे इंग्लंडमध्ये प्रोटेस्टंट राणीखाली कॅथलिक पाद्र्यांना फाशी दिले जात होते आणि त्याची चित्रे पॅरिसमध्ये दाखवली जात. १५८७ च्या फेब्रुवारीत गीझची आतेबहीण मेरी स्टुअर्टचाच शिरच्छेद झाला, तेव्हा ती भीती घराघरात शिरली.

३१ डिसेंबर १५८४ ला गीझ घराण्याच्या ज्वांव्हीलच्या गढीत स्पेनच्या दुसऱ्या फिलिपशी करार झाला. नाव्हारचे वयस्कर काका कार्डिनल बूर्बाँ यांना वारस मानायचे, आणि फिलिपने दरमहा ५०,००० एक्यू (सोन्याची नाणी) द्यायचे. (याच फिलिपकडे १५८० नंतर पोर्तुगालचा मुकुटही आला होता, गोवा, चौल आणि वसई त्या वर्षांत त्याच्याच नावाने राखले जात.) गीझला पैशांची गरज होती. दरबारी थाट, खासगी फौजा आणि आश्रित सरदार पोसता पोसता तो कर्जात बुडाला होता. नांतेईची जहागीर त्याने १५७८ मध्येच विकली होती. स्पेनचे हप्ते वेळेवर येत नसत, पण ते बंद पडतील या भीतीने हात बांधलेले राहत.

यातून कॅथलिक लीग उभी राहिली. खरे तर लीगा दोन होत्या. एक उमरावांची: गीझ, त्याचा भाऊ मायेन, चुलतभाऊ ओमाल आणि एल्बफ, त्यांच्या सुभेदाऱ्या, त्यांचे किल्ले. दुसरी पॅरिसची: वकील, कारकून, व्यापारी आणि चर्चच्या व्यासपीठावरून आग ओकणारे पाद्री यांचे गुप्त मंडळ. शहराच्या सोळा विभागांवरून त्याला ‘सोळा’ म्हणत. या लोकांना गीझ हवा होता, कारण त्यांच्याकडे सेनापती नव्हता. गीझला ते हवे होते, कारण पॅरिसशिवाय राजावर दाब येत नव्हता. पण उमरावाला आपली मानमरातब परत हवी होती आणि कारकुनाला पापी राजवट संपवायची होती. दोघांची वाट थोडे अंतर एकच होती, इतकेच.

राजाची नजर या दोन लीगांमधला फरक पाहू शकली नाही. त्याला एकच चेहरा दिसत होता: उंच, देखणा, गालावर दोर्मांच्या लढाईतला व्रण असलेला गीझ, ज्याला पाहिले की बायका आपल्या जपमाळा त्याच्या अंगाला लावून घेत.

मे १५८८ : गीझ आणि गर्दी

१५८७ च्या शरदात राजाचा लाडका ज्वायूझ कूत्राच्या लढाईत नाव्हारकडून हरला आणि मेला. त्याच सुमारास गीझने थोड्या फौजेनिशी जर्मन भाडोत्री स्वारांना व्हिमोरी आणि ओनोला झोडपले. पॅरिसच्या व्यासपीठांवरून तुलना सुरू झाली. मेलेल्या ज्वायूझची अॅडमिरलची पदवी आणि नॉर्मंडीची सुभेदारी राजाने दुसऱ्या लाडक्या एपेर्नोंला दिली. गीझला यापेक्षा मोठा अपमान शोधून सापडला नसता.

राजाने गीझला पॅरिसमध्ये यायची मनाई केली. ९ मे १५८८ ला तो आठ-नऊ स्वारांसह शहरात शिरला. लोकांनी ओळखले आणि रस्ते भरून गेले. तो आधी राजमाता कॅथरिन द मेदिचीकडे गेला आणि तिच्याबरोबर लूव्रच्या राजवाड्यात राजासमोर उभा राहिला. त्याला तिथेच संपवायचा विचार राजाच्या मनात होता. बाहेरची गर्दी पाहून तो मागे पडला.

राजाने पुढे जे केले ती या प्रकरणातली पहिली मोठी चूक. ११-१२ मे च्या रात्री त्याने सुमारे ४,००० स्विस सैनिक आणि फ्रेंच पहारेकरी शहरात आणून मोक्याच्या जागी उभे केले. पॅरिसचा जुना हक्क होता की शहराची राखण शहराचे नागरिकच करतील. सकाळी उठलेल्या पॅरिसकराला चौकात परदेशी सैनिक दिसले, आणि सेंट बार्थोलोम्यूसारखी कत्तल आता आपलीच होणार अशी अफवा पसरली. जे लोक लीगमध्ये नव्हते तेही हत्यार घेऊन बाहेर आले. रस्त्यांवर साखळ्या ओढल्या गेल्या. माती आणि फरसबंदीचे दगड भरलेली पिंपे रचून गल्ल्या बंद झाल्या. सैनिक तुकड्यातुकड्यांत अडकले. खिडक्यांतून दगड आणि गोळ्या आल्या. कित्येक स्विस मेले; उरलेले गुडघे टेकून, माळा दाखवून ‘आम्हीही कॅथलिक’ म्हणून ओरडत होते.

दिवसभर आपल्या वाड्यात थांबलेला गीझ तेव्हा बाहेर पडला. पांढरे रेशमी अंगरखे, हातात छडी, तलवार नाही. त्याने पिंपे बाजूला करायला लावली, स्विसांना सोडवले आणि लूव्रकडे परत पाठवले. लोक त्याचा जयघोष करू लागले तेव्हा त्याने त्यांना राजाचा जयघोष करायला सांगितले. त्याची बाजू घेणारे आणि त्याच्यावर नजर ठेवणारे, दोघांनीही हे लिहून ठेवले आहे.

माझ्या मते या दिवसाचा अर्थ राजाने उलटा लावला. एका माणसाच्या हाताच्या इशाऱ्यावर गर्दी थांबते, म्हणजे गर्दी त्यानेच उठवली असली पाहिजे, असा त्याचा तर्क. तयारीत गीझच्या माणसांचा हात होता, हे खरेच. पण पॅरिस पेटले ते सैन्य शहरात आणल्यामुळे, आणि थांबले ते गीझमुळे. दुसऱ्या दिवशी, १३ मे ला, राजा फिरायला म्हणून त्वीलरीच्या बागेकडे गेला आणि घोड्यावर बसून शहराबाहेर निसटला. पॅरिसला तो जिवंतपणी परत आला नाही. गीझने ती वाट मोकळी कशी राहू दिली, यावर खूप लिहिले गेले आहे. राजाला कैद करणारा सरदार कायमचा राजद्रोही ठरतो. गीझला राजाच्या नावाने राज्य चालवायचे होते आणि त्यासाठी राजा गादीवर हवा होता, असे मला वाटते.

ब्ल्वा : पैसे न देणारे प्रतिनिधी

जुलैत राजाने लीगच्या जवळजवळ सगळ्या अटी मान्य केल्या. नाव्हार वारसाहक्कातून बाद, पाखंड संपवण्याची शपथ, आणि ऑगस्टमध्ये गीझ राजाच्या फौजांचा प्रमुख. त्याच आठवड्यांत इंग्लंडवर निघालेले फिलिपचे आरमार इंग्लिश खाडीत मोडून पडले. गीझच्या पाठीशी असलेला सर्वांत मोठा परदेशी हात ढिला झाला. सप्टेंबरमध्ये राजाने आपले सगळे जुने मंत्री एका फटक्यात काढून टाकले, तेव्हा तो मनात काहीतरी धरून बसला आहे हे दिसायला हवे होते.

१६ ऑक्टोबरला ब्ल्वा इथे इस्टेट्स जनरलची सभा भरली. धर्मगुरू, उमराव आणि सामान्य, तिन्ही वर्गांत लीगचे बहुमत. धर्मगुरूंचा अध्यक्ष गीझचा भाऊ कार्डिनल लुई. सामान्यांचा अध्यक्ष पॅरिसचा लीगवाला महापौर ला शापेल-मार्तो. राजगृहाचा मुख्य अधिकारी म्हणून गीझ सिंहासनाच्या पायाशी बसला. राजाने चांगले भाषण केले. राज्यातल्या काही मोठ्या लोकांनी लीगा बांधल्या, ते मागचे मी विसरतो, पण यापुढे असे करणारा राजद्रोही ठरेल, असे त्यात एक वाक्य होते. भाषण छापायला गेले तेव्हा गीझ बंधूंनी दडपण आणून ते वाक्य बदलायला लावले. भरसभेत बोललेले स्वतःचे शब्द छापताना बदलावे लागणे! मे महिन्यातल्या पलायनापेक्षा हा घाव खोल गेला असावा.

खरा पेच पैशांचा होता. राजाला ह्युगेनोंशी युद्ध करायचे तर फौजेला पगार हवा. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी युद्ध मागत होते आणि त्याच तोंडाने तैय हा मुख्य कर १५७६ च्या पातळीवर आणा म्हणत होते. त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यात विसंगती नव्हती: पंचवीसेक वर्षे फौजांनी गावे लुटली, करांचा पैसा लाडक्यांच्या लग्नांवर उडाला, आणि आता तोच राजा आणखी मागतो. इथे गीझ काय करतो हे पाहावे. त्याने प्रतिनिधींना समजावले की राजाला थोडा पैसा द्या. फौजेचा प्रमुख तोच, फौज उभी राहिली नाही तर त्याचेच पद पोकळ. प्रतिनिधींनी ऐकले नाही. ते त्याचे ऋणी नव्हते. त्यांना निवडून पाठवणाऱ्या शहरांना ते बांधलेले होते.

राजाने याचा अर्थ काय लावला? गीझ वरवर मदत करतो आणि आतून प्रतिनिधींना फूस देतो. त्याच दिवसांत सव्हॉयच्या ड्यूकने आल्प्सपलीकडचे फ्रेंच सालुझ्झो बळकावले. त्यातही राजाला गीझचा हात दिसला. गीझचा आपल्याच पक्षावर ताबा नाही, ही शक्यता त्याला सुचलीच नाही. वैऱ्याला सर्वशक्तिमान मानले की आपली प्रत्येक अडचण त्याच्याच खात्यावर जमा होते, तसे त्याचे झाले.

कोणते पर्याय होते

डिसेंबरच्या मध्यात राजाने मोजक्या विश्वासू माणसांशी मसलत केली. गीझला पकडून खटला चालवावा असे एक मत पडले. पण त्याला ठेवायचे कुठल्या तुरुंगात, आणि त्याच्यावर निकाल देणार कोण? पॅरिसचे न्यायालय लीगच्या शहरात. कैदेतला गीझ मोकळ्या गीझइतकाच धोकादायक ठरला असता. हा युक्तिवाद मला पटतो. अटक हा खरा पर्याय नव्हता.

दुसरा पर्याय नाव्हारशी हातमिळवणी. राजाने शेवटी, एप्रिल १५८९ मध्ये, तेच केले. फरक एवढाच की तेव्हा त्याच्या हाताला एका कार्डिनलचे रक्त लागलेले होते आणि निम्मी शहरे गेलेली होती. डिसेंबरपूर्वी, सभा पैसे देत नाही हे कारण पुढे करून, तो ब्ल्वामधून निघाला असता तर कॅथलिक जग चिडले असते, पण पोपला त्याच्याविरुद्ध इतके सोपे कारण मिळाले नसते. माझ्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत चांगला मार्ग होता. तिसरा मार्ग थांबण्याचा. आरमार बुडाले होते, गीझ कर्जात होता, प्रतिनिधींशी त्याचे बिनसू लागले होते. थांबायला मात्र अपमान गिळण्याची ताकद लागते आणि राजाची ती संपली होती.

गीझपुढेही निवड होती. त्याला इशारे मिळत होते. २२ डिसेंबरला जेवताना रुमालाखाली चिठ्ठी सापडली, तेव्हा ‘त्याची हिंमत होणार नाही’ असे लिहून त्याने ती टाकून दिल्याचे सांगतात. तो ब्ल्वा का सोडत नव्हता, याचे उत्तर त्याच्या गोटातल्या चर्चेत मिळते. डाव सोडून उठणारा डाव हरतो, असे ल्यॉनच्या आर्चबिशपने त्याला सांगितले. गीझ निघून गेला असता तर सभा विस्कटली असती, आणि लीगला कायदेशीर रूप देणारी जागा तीच होती. राजवाड्याच्या चाव्या त्याच्या पदामुळे त्याच्याच ताब्यात असत. आणि राजा दुबळा आहे, यावर त्याचा पक्का विश्वास बसला होता. दुबळा माणूस खूनच करू शकतो, याचा त्याने विचार केला नाही.

दोन सकाळी

काम कोणी करायचे? पहारेकऱ्यांचा प्रमुख क्रियों याने स्पष्ट नकार दिला: द्वंद्वात मारीन, मारेकरी होणार नाही. मग ते ‘पंचेचाळीस’ या गॅस्कनी अंगरक्षकांकडे आले. प्रतिनिधी या तुकडीचा खर्च बंद करा म्हणत होते, तेव्हा त्यांचा राग तयारच होता.

नाताळच्या उपासनेसाठी आपण बाहेर जाणार, म्हणून राजाच्या सल्लागार मंडळाची बैठक लवकर घेऊ, असे राजाने कळवले. पहाटे अंगरक्षकांना गुपचूप वर आणले गेले. जिन्यावर सैनिक थकलेल्या पगाराचे गाऱ्हाणे घेऊन उभे केले, म्हणजे गीझला गर्दी पाहून संशय येऊ नये आणि तो आत गेल्यावर वाट बंद व्हावी. पावसाळी, गार सकाळ. गीझ हलक्या कपड्यांत आला, कुडकुडत होता, शेकोटी पेटवायला सांगितली, काहीतरी खायला मागितले. मग सचिव रव्होल बोलवायला आला: राजा जुन्या खोलीत वाट पाहत आहेत. राजाच्या शयनगृहातून जाताना अंगरक्षक अदबीने त्याच्या मागे चालू लागले. पडद्यापाशी तो वळला तेव्हा खंजीर चालले. बलदंड माणूस, अंगावरच्या लोकांना ओढत तो राजाच्या पलंगापर्यंत गेला आणि तिथे पडला.

त्याच वेळी शेजारी बसलेल्या कार्डिनल लुईला पकडले. कार्डिनल बूर्बाँ, गीझची आई, त्याचा सतरा वर्षांचा मुलगा शार्ल, ला शापेल-मार्तो, ल्यॉनचा आर्चबिशप, सगळे कैदेत. दुसऱ्या दिवशी पैसे देऊन आणलेल्या सैनिकांनी कार्डिनललाही मारले. दोन्ही प्रेते जाळून राख ल्वार नदीत टाकली, म्हणजे कोणी अवशेषांची पूजा करू नये.

कार्डिनलचा खून ही राजाची दुसरी मोठी चूक, आणि पहिलीपेक्षा महाग. ड्यूकच्या मृत्यूवर रोम कदाचित नाराजीच्या पत्रावर थांबले असते. पाचवा सिक्स्टस हिशेबी पोप होता आणि स्पेनचे वर्चस्व त्यालाही नको होते. पण चर्चच्या राजपुत्राला खटल्याशिवाय मारले आणि आणखी दोन मोठे धर्मगुरू कैदेत, याकडे डोळेझाक करणे त्याला शक्य नव्हते. खालच्या मजल्यावर आजारी पडलेली राजमाता कॅथरिन ५ जानेवारीला वारली. कापणे सोपे, शिवणे अवघड, असे तिने मुलाला सांगितल्याचे म्हणतात. शब्द तिचे असोत नसोत, परिस्थिती तीच होती.

आवर घालणारा गेल्यावर

२४ तारखेच्या संध्याकाळी बातमी पॅरिसला पोचली. राजाची चिन्हे भिंतींवरून खरवडली गेली. हजारो मुले मेणबत्त्या घेऊन रस्त्यांवरून निघाली. ७ जानेवारी १५८९ ला सोरबॉनच्या धर्मपंडितांनी प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मुक्त केले. १६ जानेवारीला लीगच्या माणसांनी न्यायालयात शिरून अध्यक्ष आशिल द आर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बास्तीच्या तुरुंगात नेले. गीझ जिवंत असता तर त्याने हे होऊ दिले नसते असे शपथेवर सांगता येणार नाही, पण मे मध्ये याच आर्लेंच्या घरी तो स्वतः जाऊन त्यांना आपल्या बाजूला वळवू पाहत होता. तुलूझमध्ये १० फेब्रुवारीला जमावाने न्यायालयाचे अध्यक्ष द्युरांती यांना ठार केले. द्युरांती कट्टर कॅथलिक. त्यांचा अपराध राजनिष्ठा एवढाच.

घराण्याचा भार आता मायेनवर आला. तो सावध, जड शरीराचा, मुरलेला सेनापती होता, पण भावाची जादू त्याच्याकडे नव्हती. पॅरिसमध्ये त्याची बहीण, मोंपांसियेची डचेस, प्रचारकांना पैसे पुरवत होती. राजाला मठात धाडून त्याचे डोके भादरण्यासाठी ती कमरेला सोन्याची कात्री बाळगत असे. गीझच्या विधवेला मुलगा झाला, तेव्हा पॅरिस शहरच त्याचे धर्मपिता झाले. राजाने नाव्हारशी समेट केला, दोघे पॅरिसच्या वेशीवर आले, आणि १ ऑगस्टला सँ-क्लू इथे जाक क्लेमाँ या तरुण डोमिनिकन साधूने राजाच्या पोटात सुरी खुपसली. दुसऱ्या दिवशी राजा गेला.

त्यानंतरची पाच वर्षे मायेन दोन आघाड्यांवर लढत होता. समोर चौथा हेन्री झालेला नाव्हार, ज्याने आर्क आणि इव्ह्रीला त्याला हरवले. मागे स्वतःचेच पॅरिस. नोव्हेंबर १५९१ मध्ये ‘सोळा’नी न्यायालयाचा अध्यक्ष ब्रिसों याला फासावर चढवले, तेही लीगच्याच पक्षातला असताना. मायेन फौज घेऊन शहरात आला आणि डिसेंबरमध्ये त्याने ‘सोळा’पैकी चौघांना फाशी दिली. उमरावांची लीग आणि कारकुनांची लीग यांच्यातली फट आता उघड झाली. १५८८ मध्ये ती गीझच्या व्यक्तिमत्त्वाने झाकलेली होती, आणि राजाने झाकणच फोडले.

१५९३ मध्ये लीगने पॅरिसमध्ये स्वतःची इस्टेट्स जनरल भरवली. फिलिपने आपली मुलगी इसाबेला फ्रान्सची राणी व्हावी असा आग्रह धरला आणि तिच्यासाठी नवरा म्हणून कैदेतून निसटून आलेल्या तरुण गीझचे, शार्लचे, नाव पुढे आले. घराणे गादीच्या इतके जवळ कधीच गेले नव्हते. अडवले ते घरच्याच माणसाने: पुतण्या राजा होणे मायेनला मानवणारे नव्हते. २८ जूनला पॅरिसच्या न्यायालयाने मुकुट परक्याकडे जाऊ शकत नाही असा निकाल दिला, आणि २५ जुलैला चौथा हेन्री सँ-दनीच्या चर्चमध्ये कॅथलिक झाला. लीगकडे लढायला कारणच उरले नाही.

पुढचा हिशेब रोकडा होता. तरुण गीझ नोव्हेंबर १५९४ मध्ये शरण आला आणि त्याला प्रॉव्हान्सची सुभेदारी मिळाली. जानेवारी १५९६ च्या फोलांब्रेच्या फर्मानाने मायेनचे कर्ज राजाने आपल्या अंगावर घेतले, त्याला काही शहरे हमी म्हणून दिली आणि तिसऱ्या हेन्रीच्या खुनाच्या चौकशीतून लोरेनच्या राजपुत्रांना व राजकन्यांना वगळले. तिसऱ्या हेन्रीची विधवा लुईज हिने याला विरोध केला. ती स्वतः लोरेनच्याच कुळातली होती. पुढच्याच महिन्यात स्पेनच्या आरमाराचा आधार घेऊन बसलेल्या लीगवाल्यांकडून मार्सेय राजासाठी सोडवले ते शार्ल द गीझने, आणि १५९७ मध्ये स्पेनने बळकावलेले अमियाँ परत घेताना चौथ्या हेन्रीच्या छावणीत मायेनही होता.